व्याह्यांच्या रानातलं गवत

मी आयुष्यभर नकाशे काढले, पण सगळे कोकणातले. आमच्याकडे जमिनीचा तुकडा कागदावर उतरवायचा म्हणजे नाकी नऊ येतात. एका खाचरात सात भाऊ, प्रत्येकाचा हिस्सा वाकडा, मधून एक वहाळ, वहाळाच्या काठी एकाचा फणस आणि फणसाच्या फांद्या दुसऱ्याच्या हद्दीत. निवृत्त झाल्यावर पुन्हा पट्टी-पेन्सिल हातात धरायची नाही, असं मी जाहीर करून टाकलं होतं. मग गेल्या मार्गशीर्षात मुलीचा फोन आला, "बाबा, आमच्या शेताचा एक नकाशा काढून हवाय," आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन दादरहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं.

मेघना आमची एकुलती एक. शेतकी शिकायला परभणीला गेली आणि तिथलीच झाली. जावई माधव तिच्याच वर्गातला. गंगाखेडपासून आत त्यांचं वीस एकर रान आहे, तेही एका जागी, चौकोनी. तिला नकाशा हवा होता तो हद्दीचा नव्हे. शेती चालू ठेवून त्याच रानात पाखरांना, सशांना, खोकडांना कुठे जागा देता येईल, याचा आराखडा तिला करायचा होता. कुठला बांध झुडपांना सोडायचा, ओढ्याकाठी काय लावायचं, पाणवठा कुठे करायचा, हे सगळं तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. पण तिचा खरा जीव अडकला होता ओढ्यालगतच्या दोन एकर गवतात.

त्या गवताबद्दल ती दोन हिवाळे मला फोनवर सांगत होती. थंडी पडली की तिथे संध्याकाळी भोवत्या नावाचे शिकारी पक्षी उतरतात. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचे. फार दूरच्या थंड मुलखातून येतात, दिवसभर रानोमाळ हिंडून टोळ आणि उंदीर टिपतात आणि झोपायला झाडावर न जाता उंच गवतात जमिनीवर बसतात. आसपासच्या शिवारात तसं सलग गवत एवढंच उरलेलं. आता विहिरीवरून नवी पाइपलाइन तिथवर आली होती आणि त्या दोन एकरांतही ऊस लावायचं घाटत होतं. निर्णय घ्यायचे तो तिचे सासरे, आप्पा. आणि तो व्हायचा येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावास्येला. त्या दिवशी सगळं घर रानात जेवतं आणि पुढच्या सालात कुठे काय पेरायचं, ते बोलणं तिथेच होतं.

"तुम्ही फक्त नकाशा काढा," मेघना म्हणाली. "बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही आप्पांपाशी शब्द टाकायचा नाही."

हे तिनं सांगायची गरज नव्हती. मुलीच्या सासरी बापानं काही मागायचं नसतं, एवढं मलाही कळतं. व्याह्यांना नाही म्हणता येत नाही, आणि भिडेपोटी वदवून घेतलेला होकार मग मुलीला जन्मभर पुरतो. मी तिला म्हटलं, तोंडाला कुलूप लावून येतो.

गंगाखेड

स्टेशनावर आप्पा स्वतः आले होते. उंच माणूस, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे. "परवास सुखाचा झाला का, इवाई?" त्यांनी विचारलं. व्याह्याला तिकडे इवाई म्हणतात. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, माधवनं बॅग घेतली, आणि नकाशाची नळीही कुणीतरी घेऊ लागलं तेव्हा मी ती छातीशी धरून ठेवली. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या. आमच्याकडे अरुंद रस्त्यावर असं वाहन समोरून आलं की मागे घेता घेता भांडण होतं. इथे आप्पा प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला हात करत होते आणि "हे आमचे इवाई" असं ओरडून सांगत होते.

घरी पोचलो तर ताट वाढलेलं. ज्वारीची भाकरी, एवढी मोठी की ताटाच्या काठाबाहेर आलेली. शेंगदाण्याची चटणी, वरण, वांग्याची भाजी, लोण्याचा गोळा. दुसऱ्या भाकरीला मी हात आडवा केला, तर विहीणबाईंनी तिसरी हातावरूनच ताटात सोडली.

"भात खाऊन ऱ्हातेत तिकडं," त्या डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या. "पोटात काय टिकतंय त्यानं? खावा."

मी भाताची बाजू घेणार होतो, पण तोंडात भाकरी होती. खरं सांगायचं तर त्या भाकरीपुढे भाताची बाजू घेणं अवघडच होतं.

ऊन उतरल्यावर आम्ही रानात गेलो. शेतातल्या घराला तिकडे आखाडा म्हणतात. पत्र्याची खोली, पुढे पडवी, कडुलिंब, दोन बैल आणि एक म्हैस. समोर काळ्याभोर जमिनीवर पोटरीत आलेली ज्वारी, त्यापलीकडे हरभरा, बांधालगत तूर. मी जन्मात एवढी सपाट जमीन पाहिली नव्हती. डोळा अडवायला डोंगरच नाही. पहिल्यांदा जरा उघडं पडल्यासारखं झालं, मग छाती भरून श्वास घेतला आणि बरं वाटलं.

"चला, इवाई," आप्पा म्हणाले. "तुमच्यासाठी एक काम करून ठिवलंय."

त्यांच्या मागून ओढ्याकडे गेलो आणि मेघना एकदम थांबली. दोन एकरांतलं निम्मं गवत कापून भुईसपाट झालं होतं. पेंढ्यांची रास लागली होती आणि पाच-सहा बाया विळे घेऊन पुढे सरकत होत्या.

"लग्नात तुमी ते फुरशाचं सांगितलं होतं न्हवं?" आप्पा खुशीत म्हणाले. "बुटात निघालं म्हणून? तवापासून ध्यानात हाय माझ्या. इवाई सापाला भितेत. येळवसेला हितंच बसायचं असतं, ओढ्याच्या कडंला. म्हणलं, पाव्हणा एवढ्या लांबून यायलाय, त्याच्या पायाखाली साफ नको का? उद्याच्याला उरलेलं बी निघतंय."

फुरशाची गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत सांगितली होती हे खरं. ती मी जिथे जाईन तिथे सांगतो. दर वेळी थोडं मीठमसाला लावतो, आणि आपण कसे घाबरून खुर्चीवर चढलो हे करूनही दाखवतो, कारण लोक हसतात. आता मी मेघनाकडे बघितलं नाही. आप्पा माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होते.

"छान केलंत," मी म्हणालो.

हे दोन शब्द बोलल्याची मला अजून लाज वाटते.

सूर्य खाली गेला तेव्हा आप्पा आखाड्यावर परतले आणि आम्ही तिघं ओढ्यापाशी थांबलो. पहिला पक्षी पश्चिमेकडून आला, हरभऱ्यावरून इतका खाली तरंगत की पंख पिकाला लागतील असं वाटावं. मग दुसरा, मग चार-पाच. राखी नर, तपकिरी माद्या. कापलेल्या जागेवर ते गोल फिरले, पेंढ्या बांधणाऱ्या बायांवरून फिरले, खाली येत आणि पुन्हा वर उठत. बघता बघता ते उसाच्या दिशेनं निघून गेले. मी एवढा सुंदर पक्षी कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यामुळे जागा शोधत हिंडत होता.

"आप्पाला सांगू का मी?" माधवनं विचारलं.

"काय सांगणार?" मेघना म्हणाली. "बाबांसाठी केलंय त्यांनी. एवढ्या हौसेनं. आता सांगितलं तर त्यांना लागेल."

बांधाबांधानं

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप आणि वही घेऊन मी कामाला लागलो. काम म्हणजे माझं औषध. मेघना पुढे, मी मागे, असे आम्ही बांधाबांधानं फिरलो. तिनं तिचं सगळं रान दाखवलं आणि दाखवता दाखवता तिचा चेहरा हळूहळू उजळला. उत्तरेच्या बांधावर बोरी, तरवड आणि हिवर. तो बांध तिनं दोन वर्षं पेटवू दिला नव्हता आणि आता तिथून लाव्हऱ्यांचा थवा पायाखालून भुर्रकन उडाला तेव्हा मी टेप टाकून दिली. ओढ्याच्या धसलेल्या काठावर करंज आणि बाभूळ लावायची. ज्वारीच्या कडेच्या दोन ओळी पाखरांसाठी उभ्या ठेवायच्या. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद घातलेला, पाणी प्यायला उतरलेला ससा घसरतो आणि त्याला वर येता येत नाही. म्हणून चारी बाजूंनी गोणपाटाच्या पट्ट्या सोडायच्या आणि बाहेर एक उथळ पाणवठा करायचा. मी सगळं मापून कागदावर घेत होतो. एकदा जमिनीच्या भेगेत माझी पेन्सिल पडली. कोपरापर्यंत हात घातला तरी लागली नाही. आमच्या जांभ्या दगडात असलं काही होत नाही.

मधेच मागून आलेल्या माधवनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हरभऱ्यात काळवीट उभे होते. मोठा नर, वळलेली शिंगं, भोवती माद्या. सावकाश खुडत होते, घरचंच असल्यासारखे. आमच्याकडे नारळावर वानर दिसला की चांगली शिकलेली माणसं तोंडाला येईल ते बोलतात, आणि त्यात मीही आलो. इथे माधवनं नुसती टाळी वाजवली, "चला आता, बास झालं," म्हणाला, आणि कळप उड्या मारत गेला. त्या उड्या बघून मी वेड्यासारखा हसत सुटलो. मेघनाही हसली.

दुपारी ओढ्याकाठी बसून मी आराखडा नीट काढायला घेतला. मोज्यांत कुसळं घुसून पाय नुसते टोचत होते. गवताच्या जागेवर मी माझ्याच मनानं ओळीनं सुबक ठिपके काढले होते. तेवढ्यात गवत कापणाऱ्या बायांमधली कौसाबाई पाणी प्यायला आली. ती या रानात माधवच्या जन्माआधीपासून कामाला आहे. कागदाकडे वाकून बघत ती म्हणाली, "हे टिपके कायचे, दादा?"

"झाडं. पक्ष्यांसाठी."

"गवतात झाडं?" ती मला लहान मूल समजावं तसं बोलली. "मंग ती घारीवानी पाखरं कुठं निजायची? त्यास्नी उघडं लागतंय. झाड लावलं की कावळा येऊन बसतोय, अन् ही उठून जातेत."

मी कान टवकारले. "तुम्ही पाहिलेत ते पक्षी?"

"बघायलाव की, लय सालापासून. म्हणून तर आमी सडकंकडून कापायला धरलं. वड्याकडचं मागं ठिवलंय. म्हणलं तवर कुणी थांबा म्हणतंय का बघावं. पर आज सांजच्याला तेबी निघंल."

"मग आप्पांना का नाही सांगितलंत?"

"ते इवायासाठी करायलेत. आमी कसं म्हणावं?"

मी खोडरबर काढलं आणि सगळे ठिपके पुसले. पुसता पुसता मला हसू यायला लागलं आणि रागही यायला लागला. सुनेला माहीत, मुलाला माहीत, गवत कापणारीला माहीत. सगळे गप्प, कारण इवाई. आणि इवाई गप्प, कारण मुलीच्या सासरी काही मागायचं नसतं. मी विचार केला, मागायचं नसतं हे ठीक, पण आपण मारलेली थाप कबूल करायला तर कुणाची मनाई नाही. उठलो आणि तडक आखाड्यावर गेलो.

आप्पा बैलांना पाणी दाखवत होते. मी म्हणालो, "आप्पा, एक सांगायचंय. मी सापाला भीत नाही."

त्यांनी बादली खाली ठेवली.

"फुरसं बुटात निघालं होतं, पण मी खुर्चीवर चढलो नव्हतो. काठीनं बाजूला केलं आणि कामावर गेलो. लोक हसतात म्हणून वाढवून सांगतो. तुम्ही ते मनावर घेतलंत आणि माझ्यासाठी गवत कापलंत. मी तर ते गवतच बघायला आलो होतो. त्यात संध्याकाळी पक्षी उतरतात." एवढं बोलून मी थांबलो. गवत ठेवा, असं काही मी म्हटलं नाही.

"सूनबाईला ठावं हाय हे?"

"हो."

"माधवला?"

"हो. कौसाबाईंनाही."

"म्हंजी सगळ्या रानाला ठावं, मलाच न्हाई," आप्पा म्हणाले. मग बैलाला दावणीला बांधलं. "बरं," एवढंच बोलले आणि ओढ्याकडे गेले. थोड्या वेळानं कौसाबाई आणि बाकीच्या बाया विळे खोचून परत येताना दिसल्या. कापणी थांबली होती. ओढ्याच्या अंगाला अर्धा एकर गवत उभं राहिलं होतं.

पण संध्याकाळी तिथेच येळवसेच्या पूजेची कोप, म्हणजे खोपटी, बांधायचं काम चाललं होतं, माणसांची ये-जा होती, आणि पक्षी आले तसे फिरून निघून गेले. आप्पांनी वर पाहिलं की नाही, ते मला दिसलं नाही. जेवताना ते एक अक्षर बोलले नाहीत. मी व्याह्यांना दुखावलं, असं समजून त्या रात्री मी कूस बदलत राहिलो.

येळवस

सकाळी विहीणबाईंनी डोक्यावर आंबिलीचं मडकं घेतलं आणि सगळं घर रानात निघालं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाल्यावर आप्पा आंबील घेऊन पिकाला वळसा घालत शिंपडत निघाले, मागून आम्ही. मग पंगत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे चिंचेच्या पाण्यात बेसन लावून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि लसणाची चव उतरलेली गार आंबील. आंबिलीचे मी पाच पेले प्यालो. कोकणातल्या सोलकढीवर माझं प्रेम आहे, पण त्या दिवशी मी तिच्याशी बेइमानी केली, हे लिहून टाकतो.

आणि माणसं तर काय विचारता. येळवसेला ज्यानं त्यानं ज्याच्या त्याच्या रानात जेवायला जायचं. ओळख लागत नाही. रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवालाही हाक मारून बसवला जातो. नातेवाईक आले, शेजारी आले, गंगाखेडचे व्यापारी आले, कुणाच्या तरी ओळखीचा एक फोटोग्राफर आला. प्रत्येकाला आप्पा हात धरून बसवत होते. आमच्याकडे न सांगता कुणी जेवायच्या वेळी आलं तर घरातली बाई आधी भाताच्या टोपात डोकावते.

जेवणानंतर आप्पांचा धाकटा भाऊ सुपारी कातरत म्हणाला, "दादा, पाइपलाइन तर आली. हितं ऊस कवा लावायचा?"

मेघना माझ्याशेजारी ताठ झाली. वहीत लिहून आणलेलं सगळं तिच्या ओठावर आलं असावं.

"सुपारी खा आधी," आप्पा म्हणाले.

ऊन कलू लागलं तरी माणसं हलेनात. मुलं उभ्या गवताच्या कडेला पळापळी खेळत होती, कुणी मोबाइलवर गाणी लावली होती, बायकांचा हसण्याचा आवाज ओढ्यापलीकडे जात होता. मेघना सारखी पश्चिमेकडे बघत होती. आजही तेच होणार होतं. तिसरी संध्याकाळ. आणि आलेल्या माणसाला "जा" म्हणणं त्या घरात कुणाच्या बापजन्मी घडलं नव्हतं.

सूर्य तुरीच्या शेंड्यांवर आला तेव्हा आप्पा उठले. धोतर झटकलं. मधोमध उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "आता उठा समदे."

आवाज थांबला. विहीणबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. धाकट्या भावाला वाटलं काही अशुभ घडलं; तो म्हणाला, "काय झालं, दादा?"

"काय न्हाई झालं. पाव्हणे यायची येळ झाली. गाणं बंद करा, भांडी उचला, लेकरं घ्या. सडकंवर जाऊन बसा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इवाई, तुमी बी उठा."

व्याह्यानं व्याह्याला ताटावरून उठवण्यासारखंच ते होतं आणि मी आनंदानं उठलो. सगळी वरात सतरंज्या आणि भांडी घेऊन रस्त्यावर आली आणि धुळीत बसली. कुणी काही विचारलं की आप्पा त्याच्याकडे असे बघत की तो गप्प होई. बारक्या पोरांनाही ते बघणं कळलं.

पहिला आला तो राखी नर. गवतावरून एक फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत त्यानं पंख वर उचलले, पाय खाली सोडले आणि गवतात गेला. आम्ही वाट पाहिली. तो वर आला नाही. मग तपकिरी मादी, मग एकदम तीन, मग मोजायचं मी सोडून दिलं. एवढी माणसं रस्त्यावर बसली होती आणि फक्त कुणाची तरी बांगडी वाजली.

मेघना रडत होती. माझेही डोळे भरले होते, ते मी लपवले नाहीत.

"सूनबाई," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "ही रोज येतेत?"

"रोज, आप्पा. थंडीभर."

"किती लांबून?"

तिनं सांगितलं. गंगाखेडहून परभणी जितकी लांब, तसले शंभरेक टप्पे, मधे वाळवंटं आणि डोंगर. आप्पांनी ते मनातल्या मनात चालून बघितल्यासारखे डोळे मिटले.

"एवढ्या लांबून आलेल्याचं अंथरूण काढलं मी," ते म्हणाले, "अन् दादरला गाडीत बसून आलेल्या माणसाला बसायला दिलं."

धाकटा भाऊ खाकरला. "मंग दादा, ऊस?"

"ऊस वरल्या अंगाला लाव. हितलं गवत पुन्हा येऊ द्यायचं, दोन्ही एकर." आप्पांनी माझ्या नकाशाच्या नळीकडे बोट केलं. "इवाई, तसं लिवा. अन् पुढल्या सालीबी येळवसेला या, पर वड्याकाठी तुमास्नी जागा न्हाई. आखाड्यावर बसावं लागंल."

मी कागद गुडघ्यावर पसरला आणि उरलेल्या उजेडात, ठिपके पुसून मोकळ्या ठेवलेल्या जागेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: गवत. आप्पांनी खाली वाकून ते वाचलं, आणि मग रस्त्यावरच्या सगळ्यांना, पाय न वाजवता घरी चला, म्हणून हातानं खुणावलं.